टिळकांच्या घरात दोन धर्म

विषय तुम्ही दिलाय 'बहुधर्मी समाजात ख्रिस्ती श्रद्धा'. त्याकडे येतोच. पण या विषयावर बोलणारे बरेच जण असं धरून चालतात की बहुधर्मी समाज काल-परवा उगवला. युरोपात तसं वाटत असेलही. आपल्याकडे फादर स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूंनी ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत रचली आणि ती १६१६ साली छापून निघाली. तरी अजून माझं भाषण संपलं की कुणीतरी जवळ येऊन म्हणतं, "तुम्ही ख्रिस्ती असून मराठी किती छान बोलता!" अहो, चारशे वर्षं झाली. आता तरी सवय व्हायला हरकत नाही! (हशा) हसलात, बरं वाटलं. पण हे मला मनापासून लागतं.

तर, नगरचं टिळकांचं घर. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, म्हणजे ते ख्रिस्ती झाले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलं. माहेरचे, सासरचे, सगळे रडताहेत, आणि ही बाई काही वर्षं नवऱ्यापासून दूर. पुढे त्या परतल्या, पण सोवळंओवळं घेऊनच. विचार करा, नवरा ख्रिस्ताची गाणी रचतोय आणि बायको आपलं पाणीसुद्धा जपतेय! हळूहळू त्यांच्या मनात आलं, की जात माणसांनीच केली असली पाहिजे. हा उलगडा त्यांचा त्यांना झाला. बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली. मधली ती वर्षं मला फार मोलाची वाटतात. त्यांनी 'स्मृतिचित्रे'त लिहून ठेवलंय ते सारं, घरी जाऊन वाचा, आजच वाचा.

आणि टिळक? तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' नावाचा ख्रिस्तभक्तांचा मेळा काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चमधल्या, कित्येकांना आजही हे पचणार नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाचच मिनिटं आहेत. मग मुद्द्याचं भराभर सांगतो.

पहिलं, "मार्ग, सत्य व जीवन मीच आहे" हे ख्रिस्ताचं वचन मी सौम्य करणार नाही. सगळे धर्म सारखेच, असं म्हणणं सोपं आहे. पण त्यात माझंही ऐकलं जात नाही आणि शेजाऱ्याचंही. मात्र तो दावा ख्रिस्ताचा आहे. माझी मंडळी, माझे रीतिरिवाज, माझी मिजास त्याच्या आडोशाला उभी करता येणार नाही.

दुसरं, साक्ष द्यायची, म्हणजे आपली श्रद्धा दुसऱ्याला सांगायची, तर ऐकणाऱ्याला 'नाही' म्हणायची मोकळीक हवी. राज्यघटनेचं २५वं कलम सदसद्विवेकाचं स्वातंत्र्य देतं, ते त्यालाही आणि मलाही. दबावाने किंवा आमिषाने आलेला होकार मला नको. दबावाने कुणाची उपासना बंद पाडणंही मला मान्य नाही.

तिसरं, गणपतीचा प्रसाद. तरुण मंडळी हे दर वर्षी विचारतात. ग्रीसमधलं प्राचीन करिंथही बहुधर्मी शहरच होतं. ख्रिस्ताचा प्रेषित पौल बायबलमधल्या पत्रात तिथल्या मंडळीला लिहितो, की कुणी जेवायला बोलावलं तर वाढलेलं खा, चौकशी करत बसू नका. पण हे देवाला वाहिलेलं आहे असं कुणी सांगितलं, तर त्याच्या विवेकासाठी खाऊ नका. मी मोदक हात जोडून नाकारतो, कारण सांगतो, आणि चहाला थांबतो. माझी बहीण तो खाते. आम्ही दोघं चर्चमध्ये एकाच वेदीपाशी प्रभुभोजन, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षारस, घेतो.

आता तुमचे प्रश्न घेऊ या.