सायकल आधी उलटी करून बघा

श्रोतेहो, नमस्कार.

विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात, आणि त्याआधीचे पंधरा दिवस घरोघरी एकच विषय असतो: पोराला सायकल. नवी घ्यायची तर खिशाला जड जातं, म्हणून माणूस जुनी शोधतो. जुनी घेण्यात कमीपणा काहीच नाही. मी स्वतः आयुष्यभर जुन्याच सायकली चालवल्या. सेमिनरी हिलची चढण सोडली तर आपलं नागपूर चांगलं सपाट आहे, पायडल मारायला सुखाचं. दहावीतल्या पोराच्या हाती स्कूटर देणाऱ्या आईबापांना तर मी हात जोडून सांगतो, लायसन्सचं वय होईपर्यंत त्याला सायकलच द्या. उन्हाचं कारण सांगू नका. याच उन्हात आपण सगळे शाळेत गेलो.

पण जुनी सायकल घेताना ती चोरीची नाही ना, एवढं आधी बघा. का बघायचं, हे सांगायला मला १९८६ सालात जावं लागेल.

मी तेव्हा अकरावीत होतो. घर महालात, कॉलेज धरमपेठेत, आणि पायपीट रोजची. बाबा मिलमध्ये कामाला. एका संध्याकाळी गांधीसागरच्या काठाशी एक माणूस सायकल घेऊन उभा दिसला. म्हणाला, बायको आजारी आहे, आजच गावी निघायचंय, दीडशे दे आणि घेऊन जा. आईनं वर्षभर डब्यात साठवलेले पैसे होते. मी धावत घरी गेलो, आणले आणि मोजून दिले. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही.

सायकल बावीस इंची, सगळी काळी. रंगाचा वास अजून जायचा होता. मडगार्डच्या आतल्या बाजूला जुना हिरवा रंग तसाच होता. आणि मागच्या कॅरिअरवर दोन खुंट होते, दोन सळया कापून टाकल्यावर उरतात तसे. हॅकसॉनं घाईत कापलेले. मी त्यांच्यावरून बोट फिरवलं तर बोटाला चरा पडला. हे सगळं मी पहिल्याच दिवशी पाहिलं, श्रोतेहो. पाहिलं, आणि पुसून चकचकीत करायला बसलो.

रात्री बाबा आले. त्यांनी सायकलभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, ‘पावती कुठी हाये?’

मी म्हटलं, ‘बाबा, जुन्या सायकलची कुठी पावती राह्यते?’

बाबा काही बोलले नाहीत.

अडीच महिने झाले. पोळा झाला, दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक. मारबतीच्या दिवशी महालात पाय ठेवायला जागा नसते, हे तुम्हाला सांगायला नको. बडकस चौकाजवळ मी सायकल हातात धरून गर्दीतून वाट काढत होतो, आणि सायकल एकदम पुढे जाईना. मागं वळून पाहिलं तर पन्नाशीचा एक माणूस कॅरिअर धरून उभा. माझ्याकडे त्याचं लक्षच नव्हतं. तो त्या दोन खुंटांवरून बोट फिरवत होता.

‘पोरा,’ तो म्हणाला, ‘ह्या सळया मीनंच लावून घेतल्या होत्या. पेपराचे गठ्ठे घसरू नये म्हणून.’

मी चिडून म्हटलं, माझी सायकल आहे, दीडशे रुपये मोजलेत. त्या गर्दीत त्यानं नुसतं ‘चोर’ म्हणून ओरडायचं होतं, मी घरी धड पोचलो नसतो. तो ओरडला नाही. म्हणाला, ‘असन, तुहीच असन. पण एकडाव सीटखाली पाहू दे.’

जवळच पंक्चरवाला होता. त्यानं पाना लावून सीट वर ओढली, नळीत आरी घातली आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक पुरचुंडी बाहेर काढली. आत चिठ्ठी. चिठ्ठीवर नाव, पत्ता आणि सायकलचा नंबर. पंक्चरवाल्यानं मग सायकल उलटी केली आणि पायडलच्या मधल्या नळीखालचा काळा रंग नाण्यानं खरवडायला लागला. एकेक आकडा उघडा पडत होता. आणि तो माणूस चिठ्ठीकडे न बघता पुढचा आकडा आधीच बोलत होता. सात. मग दोन. मग नऊ. मी तो आवाज विसरलेलो नाही.

तो घरोघरी पेपर टाकायचा. जूनमध्ये दवाखान्यात बायकोला डबा द्यायला गेला, बाहेर येईतो सायकल गेलेली. तेव्हापासून नव्वद घरं पायी करत होता. पेपर साडेआठला मिळतो म्हणून वीस-बावीस घरांनी त्याला बंद केलं होतं. उरलेल्यांतली अर्धी त्याची मुलगी करायची, मग शाळेत जायची.

मी त्याला घरी आणलं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं, त्याला चहा दिला, आणि आम्ही तिघं पोलीस ठाण्यात गेलो. त्याची तक्रार नोंदलेली होती. माझा जबाब झाला. सायकल मुद्देमाल म्हणून ठाण्यात राहिली, कोर्टाच्या आदेशानं त्याला मिळायला आणखी काही आठवडे गेले. तितके आठवडे बाबांनी आपली सायकल त्याला दिली आणि स्वतः मिलमध्ये पायी गेले. माझे दीडशे बुडाले, विकणारा कधी सापडला नाही. त्याबद्दल बाबांनी मला एका शब्दानं टोकलं नाही. एकच विचारलं, ‘तुनं त्या कापलेल्या सळया पाह्यल्या होत्या ना?’

मी म्हटलं, ‘हो.’

कायदाही नेमकं हेच विचारतो. चोरीचा माल आहे हे माहीत असताना, किंवा तसं वाटायला कारण असताना, जो तो अप्रामाणिकपणे घेतो किंवा ठेवून घेतो, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. पूर्वी हे दंड संहितेच्या ४११ कलमात होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ३१७ कलमात आहे. आणि तुम्ही अगदी भाबडेपणानं घेतली असेल, तरी सायकल तुमची होत नाही. विकणाऱ्याची जी नव्हतीच, ती तो तुम्हाला देणार कुठून? खरा मालक आला की ती त्याची.

सायकलला आरटीओ नाही, आरसी बुक नाही. पूर्वी बऱ्याच शहरांत नगरपालिकेचा पत्र्याचा बिल्ला असायचा. तो गेला, आणि माझ्या मते चांगली सोय गेली. आता उरला तो फ्रेमवर ठोकलेला नंबर. म्हणून सायकल आधी उलटी करा. नंबर बहुधा पायडलच्या मधल्या नळीखाली असतो, कधी सीटखालच्या नळीवर, कधी हँडलखाली पुढे. तिथं कानस फिरल्यासारखी दिसली, आकड्यावर आकडा ठोकलेला दिसला, किंवा नेमका तेवढ्याच जागी नवा रंग दिसला, तर तिथंच थांबा. भाव करू नका. नंबर नाही, तर सायकल नाही.

मग पावती. पावतीवर नंबर असेल तर फ्रेमशी ताडून बघा. पावत्या हरवतात, हे खरं आहे. अशा वेळी विकणाऱ्याकडून साध्या कागदावर लिहून घ्या: त्याचं नाव, पत्ता, फ्रेमचा नंबर, किंमत, तारीख, सही. ओळखपत्राची प्रत घ्या, आणि पैसे फोनवरून द्या म्हणजे कुणाला दिले ते राहतं. सरळ माणूस याला नाही म्हणत नाही.

आणि तिसरं, घर बघा. चौकात भेटू, पुलाखाली भेटू म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. घरी जा, शेजारी दोन पोरं खेळत असतील तर विचारा, ही सायकल कोणाची रे? लहान पोरं खरं सांगतात. मालकाला विचारा, मागचा टायर कधी बदलला, कुलपाची चावी कुठे आहे. ज्यानं सायकल वापरली त्याला हे तोंडपाठ असतं. नंबर, पावती, घर. या तिन्ही गोष्टी बघायला अर्धा तास पुरतो.

घेऊन झाल्यावर शंका आली तर दुसऱ्याला विकून मोकळं व्हायचं नाही. चोरीचा माल पुढे सरकवायला मदत करणं हासुद्धा याच कलमात गुन्हा आहे. स्वतः ठाण्यात जा, जे घडलं ते सांगा.

आणि आज घरी जी सायकल आहे, तिचा नंबर रात्री जेवायच्या आधी लिहून घ्या. कॅलेंडरच्या मागे लिहा, फोनमध्ये फोटो काढा. एका चिठ्ठीवर नाव, पत्ता, नंबर लिहा, प्लास्टिकमध्ये गुंडाळा, सीट काढून नळीत सारा आणि सीट घट्ट आवळा. आवळताना पाना पोराच्या हातात द्या.

नमस्कार.