ओढलेल्या गाड्यांचा लिलाव

(दृश्य: शहराबाहेरचं यार्ड. धुळीने माखलेल्या गाड्यांच्या रांगा.)

काचेवर पांढऱ्या अक्षरात लॉट नंबर, आणि त्याच्या खाली जुन्या मालकाने हौसेने लावलेलं स्टिकर: 'आई-वडिलांचे आशीर्वाद'. हप्ते थकले, बँकेने गाडी ओढून आणली. आता ती ऑनलाइन लिलावात निघाली आहे.

घरबसल्या नाव नोंदवायचं, बयाणा भरायचा आणि बोली लावायची. शेवटच्या मिनिटांत कोणी बोली वाढवली, तर बऱ्याच लिलावांत वेळही पुढे सरकते. नियमांच्या पानावर बारीक अक्षरांत एक अट असते: गाडी जशी आहे, जिथे आहे, तशी. म्हणजे टेस्ट ड्राइव्ह नाही, वॉरंटी नाही, नंतरची तक्रार तर नाहीच. भाव कमी दिसतो त्याचं मोठं कारण हेच. विकणारा ही गाडी कधी चालवत नव्हता, त्यामुळे तिच्याबद्दल तो कशाचीच हमी देत नाही.

(दृश्य: मोबाइलवर परिवहनचं पान.)

म्हणून इंजिनाच्या आधी कागद बघायचे. गाडीचा नंबर टाकला की परिवहनच्या वाहन पोर्टलवर कितवा मालक, कुणाच्या कर्जाचा बोजा, विमा कधीपर्यंत, गाडी काळ्या यादीत आहे का, हे कळतं. थकलेली ई-चलनं वेगळी तपासा. ती कुणी भरायची, हे लिलावाच्या अटींत लिहिलेलं असतं, आणि बहुतेक वेळा ते घेणाऱ्याच्याच गळ्यात असतं.

खरं घोडं पेंड खातं ते आरसीपाशी, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रापाशी. हप्ते बुडवलेला मालक बँकेला आरसी कशाला आणून देईल? अशा वेळी मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५१ प्रमाणे बँकेला आरटीओकडे फॉर्म ३६ भरून स्वतःच्या नावाने नवी आरसी मागता येते. आरटीओ आधी जुन्या मालकाला नोटीस पाठवतो, त्याचं म्हणणं ऐकतो. यात वेळ जातो. तोवर गाडी तुमच्या दारात, नाव मात्र दुसऱ्याचं. तेव्हा बोलीआधी बँकेला सरळ विचारा: आरसी हातात आहे का? नसेल तर फॉर्म ३६ चं काम कुठवर आलं? "कागद नंतर मिळतील" एवढंच उत्तर आलं, तर तो लॉट सोडून द्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. गाडी परराज्यातली असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी लागते, आणि इथला रस्ता कर वेगळा.

(दृश्य: पुराच्या पाण्यात अर्ध्या बुडालेल्या मोटारी.)

विमा कंपन्यांचे लिलाव याहून अवघड. दुरुस्तीचा खर्च विम्यातल्या घोषित किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी 'टोटल लॉस' धरतात आणि सांगाडा विकायला काढतात. २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली, २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली होतं. पाण्यात बसलेली गाडी धुऊनपुसून चकाचक करता येते. सीटबेल्ट मात्र शेवटपर्यंत ओढून बघा, गाळाची रेघ तिथे राहते. सीटखालच्या पट्ट्यांवरचा गंज, कार्पेटखालची ओल, फ्यूजबॉक्समधली माती, हे पुसायला कुणी जात नाही.

चॅसी नंबर स्वतःच्या डोळ्यांनी वाचा आणि आरसीशी अक्षर न् अक्षर जुळवा. चुराडा झालेल्या गाडीचे कागद चोरीच्या गाडीला लावायचे, हा जुना धंदा आहे. नंबराभोवती घासल्याच्या, वेल्डिंगच्या खुणा दिसल्या तर तिथूनच माघारी फिरा.

हे सगळं फोटोवरून होत नाही. पाहणीच्या दिवशी यार्डात जा, सोबत ओळखीचा मेकॅनिक न्या. त्याची मजुरी देताना हात आखडू नका.

मग बोलीचा आकडा ठरवा, पण उलट्या बाजूने. तशीच गाडी बाजारात जेवढ्याला मिळते, त्यातून दुरुस्ती, लिलाव कंपनीची फी, त्यावरचा जीएसटी, यार्डाचं भाडं, टोइंग, चलनं, नवा विमा वजा करा. उरेल तो तुमचा शेवटचा आकडा. तो कागदावर लिहून ठेवा, कारण घड्याळाची शेवटची दोन मिनिटं भल्याभल्यांना चळ लावतात.

आणि लिलावच खोटा असेल तर? बँकेच्या नावाने बनावट पानं तयार होतात, व्हॉट्सॲपवर फोटो येतात, बयाणा कुणाच्या तरी खासगी खात्यावर मागतात. लिलावाची सूचना बँकेच्या मूळ संकेतस्थळावर शोधा, शाखेत फोन करून खात्री करा. पैसे गेलेच, तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन.

(दृश्य: टो-ट्रकवर चढणारी गाडी.)

बोली लागली, पैसे भरले, डिलिव्हरीचं पत्र हातात आलं. विमा संपलेला असेल तर गाडी चालवत नेऊ नका, टो करूनच न्या. पाहणीच्या दिवशी काढलेले फोटो सोबत ठेवा आणि गेटमधून बाहेर पडायच्या आत चावी, बॅटरी, टायर, स्टेपनी जुळवून घ्या. स्टेपनी तर नक्कीच. यार्डात तिला पाय फुटतात.