पोटावरची खूण

(दृश्य: पहाट. चेंगलपट्टू भागातलं भाताचं शेत.)

बांधावरच्या ओल्या मातीत एक पुसट रेघ आहे. तुम्हाआम्हाला ती दिसणारही नाही. इरुळा या आदिवासी जमातीचा माणूस मात्र तिथेच थबकतो, उकिडवा बसतो आणि पहारीनं बिळाचं तोंड हळूहळू मोकळं करतो. आत नाग आहे की नुसते उंदीर, हे त्यानं खणण्याआधीच ताडलेलं असतं.

तमिळनाडूतले इरुळा पिढ्यान्‌पिढ्या साप धरत आले. त्यांच्या या कसबावर कातड्याचे व्यापारी पोसले गेले. साप मारायचा, सोलायचा, कातडं दलालाच्या हवाली करायचं. 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा आला, 1976 साली सापाच्या कातड्याची निर्यात बंद झाली. साप वाचले. फार चांगलं झालं. पण ज्यांना दुसरं काही येतच नव्हतं, त्यांच्या चुली विझल्या, हेही इथे सांगायलाच हवं.

वाट निघाली 1978 साली. सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांच्या साथीनं इरुळांची सहकारी संस्था उभी राहिली, चेन्नईजवळ वडनेम्मेलीला. आता साप धरायचा, तो फक्त विषासाठी. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, या चारच जाती. कोणते किती धरायचे, तो आकडा सरकारी परवान्यात लिहिलेला. परवाना लांबला की घरचं उत्पन्नही लांबतं.

(दृश्य: मडक्यांची रांग, तोंडाला फडकी बांधलेली.)

प्रत्येक मडक्यात साप. मुक्काम तीन-चार आठवड्यांचा. काचेच्या भांड्यावर ताणलेल्या पडद्यात दात रुततात, नागाचं पिवळसर विष थेंब थेंब ओघळतं. ते वाळवून भुकटी करतात. ते अगदी थोडंथोडं घोड्यांना टोचत गेलं, की त्यांच्या रक्तात प्रतिविष तयार होतं. आपल्या मुंबईच्या हाफकिन संस्थेची सर्पदंशावरची लसही अशीच घोड्यांच्या रक्तातून बनते. कोकणात रात्री फुरसं चावलेल्या माणसाचा जीव अशाच लशीवर टांगलेला असतो.

मासी सदैयन आणि वडिवेल गोपाल या दोन इरुळांना 2023 साली पद्मश्री मिळाली. या हातांची एवढी कदर व्हायला इतकी वर्षं लागली, याचं वाईट वाटतं.

(दृश्य: झुडपांचं माळरान.)

सोडण्याआधी सापाच्या पोटावरच्या खवल्याला बारीकशी कात्री लावतात. कात टाकता टाकता ती खूण बुजत जाते. तोवर पुन्हा कुणी ते बीळ उकरलं, सापाला अलगद उलटं केलं आणि खूण दिसली, तर पिशवीचं तोंड उघडत नाही. साप तिथेच राहतो.