झग्याखालचा पिंजरा

(पडद्यावर: काचेच्या कपाटात टांगलेला पोलादी सांगाडा)

वर लहान, खाली मोठ्या होत गेलेल्या पोलादी कड्या. त्यांना धरून ठेवणाऱ्या कापडी फिती, कमरेला पट्टा. कोंबड्या झाकायचं डालगंच वाटावं. हे क्रिनोलिन, बाईच्या झग्याखाली असायचं.

त्याआधी घेर यायचा तो परकरांच्या थरांतून. १८४० च्या दशकात युरोपातली सुखवस्तू बाई खळ देऊन ताठ केलेले परकर एकावर एक चढवायची. त्यातला एखादा घोड्याच्या केसांनी विणलेला. लॅटिनमध्ये केस म्हणजे क्रिनिस, जवसाचा धागा म्हणजे लिनम. नाव तिथून आलं. भर उन्हाळ्यात हा भार कमरेवर, आणि पायांत कापडाची गर्दी. १८५६ मध्ये पॅरिसमध्ये पोलादी सांगाड्याचं पेटंट निघालं आणि बहुतेक परकर खुंटीला गेले. घेर तेवढाच राहिला, पण पाय मोकळे झाले.

व्यंगचित्रकारांना मात्र आयतं कुरण मिळालं. दारात अडकलेल्या बायका, बग्गीत न मावणाऱ्या बायका! पाच-सहा परकर नेसून जिना चढायची पाळी त्यांच्यावर कधी आली नव्हती, एवढंच म्हणेन.

(पडद्यावर: फ्रान्सची सम्राज्ञी युजेनी, भोवती दरबारी स्त्रिया)

राजवाड्यातला हा थाट मोलकरणींपर्यंत आणि गिरणीतल्या पोरींपर्यंत पोचला. यंत्राजवळ एवढा घेर धोक्याचा, म्हणून काही गिरण्यांनी कामावर क्रिनोलिनला बंदी केली. बसताना अंदाज चुकला की पुढची कडी सरळ वर उसळायची. वाऱ्याचंही तेच भय, त्यामुळे आत लांब चोळणा हवाच.

रंगही त्याच १८५६ सालचा. लंडनमध्ये १८ वर्षांचा विल्यम पर्किन हिवतापावरचं क्विनाइन प्रयोगशाळेत बनवायला बसला होता. हाती आला जांभळा रंग. दोन-तीन वर्षांत सगळं शहर जांभळं.

खरा घात आगीचा होता. झगा अंगापासून इतका लांब फुललेला की काठ शेगडीला कधी लागला ते कळायचंच नाही. वर तलम मलमल, आत पोकळी. ठिणगीला आणखी काय हवं?

(पडद्यावर: कवी लाँगफेलोचं उतारवयातलं छायाचित्र)

जुलै १८६१, अमेरिकेतलं केंब्रिज. कवी लाँगफेलो यांची पत्नी फॅनी हिच्या उन्हाळी झग्याने घरातच पेट घेतला. लाँगफेलोंनी आधी सतरंजीने, मग स्वतःच्या अंगाने ज्वाळा दाबल्या. दुसऱ्या दिवशी ती गेली. त्यांचा चेहरा भाजला होता, दाढी करणं जमेना, म्हणून त्यांनी ती वाढू दिली. छायाचित्रातली ही भरघोस पांढरी दाढी तीच.