झुरके मोजायचे कसे?

‘तुम्ही दिवसाला किती सिगारेटी ओढता?’ या प्रश्नाला कोणीही उत्तर देऊ शकतं. सिगारेट पेटते, विझते, थोटूक उरतं, पाकिटावरून हिशेब लागतो. आता त्याच प्रश्नात ‘ई-सिगारेट’ घालून बघा. ई-सिगारेट खिशात असते, माणूस दोन झुरके घेतो, ठेवून देतो, पाच मिनिटांनी पुन्हा काढतो. हे किती ‘वेळा’ झालं?

ई-सिगारेटच्या वापराबद्दलच्या आमच्या प्रश्नावलीची पहिली चाचपणी चालू होती. विशीतल्या एका मुलाला आम्ही हा प्रश्न दिला आणि मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगितलं. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘सर, एकदाच लिहू का? सकाळी सुरू होते ती झोपेपर्यंत. मध्ये थांबतेच कुठे?’ त्याने ‘1’ लिहिलं असतं आणि सगळ्यांत जास्त ओढणाऱ्या मुलाला आम्ही सगळ्यांत कमी ओढणाऱ्यांत बसवलं असतं. तो खोटं बोलत नव्हता. चूक आमच्या प्रश्नाची होती.

पेन स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी ई-सिगारेटच्या व्यसनाधीनतेसाठी दहा प्रश्नांचा निर्देशांक केला, तेव्हा ही अडचण प्रश्नातच सोडवली: एक ‘वेळ’ म्हणजे साधारण 15 झुरके किंवा साधारण 10 मिनिटं. ही व्याख्या नेमकी आहे असं माझं म्हणणं नाही. पण सगळे उत्तरदाते एकाच मापाने मोजू लागतात, आणि मला ते फार मोलाचं वाटतं. त्याच निर्देशांकात उठल्यावर किती मिनिटांत पहिला झुरका घेता, ओढण्यासाठी रात्री जाग येते का, हेही विचारलेलं आहे. झुरके विसरले जातात, पण उठल्या उठल्या हात कुठे गेला हे माणूस सहसा विसरत नाही. सिगारेटचं व्यसन मोजणाऱ्या फॅगरस्ट्रॉम चाचणीतही पहिल्या सिगारेटपर्यंतच्या वेळेला दिवसाच्या सिगारेटींच्या संख्येइतकेच, म्हणजे सर्वाधिक गुण आहेत ते उगीच नाही.

शब्दाचाही घोळ असतोच. ‘मी ई-सिगारेट ओढत नाही, व्हेप करतो’ असं मनापासून सांगणारे भेटतात. म्हणून प्रश्नाआधी उपकरणांची चित्रं आणि लोकांच्या तोंडी असलेली नावं द्यावीत.

आता विश्वसनीयतेकडे येतो. ‘क्रोनबॅक अल्फा 0.70 च्या वर आला, प्रश्नावली विश्वसनीय आहे’ हे वाक्य मी इतक्या प्रबंधांत वाचलंय की आता काळजी वाटते. अल्फा एवढंच सांगतो की विधानं एकमेकांशी जुळतात. एकच विधान शब्द फिरवून पाचदा विचारा, अल्फा 0.95 च्याही वर जाईल आणि नवं काहीच कळणार नाही. उत्तर टिकतं का हे बघायचं तर त्याच लोकांना दोन आठवड्यांनी पुन्हा विचारावं लागतं. तिथेही जुळलेल्या उत्तरांची नुसती टक्केवारी फसवते. शंभरातले नव्वद जण ओढतच नसतील, तर दोन्ही वेळची ‘नाही’ जुळणारच. योगायोगाने जुळलेला हा भाग वजा करण्यासाठी कोहेनने 1960 साली ‘कप्पा’ हा गुणांक मांडला, तो काढा.

अभिवृत्तीच्या, म्हणजे लोकांचा कल जोखणाऱ्या विधानांत मला सर्वांत जास्त खटकतं ते हे: ‘ई-सिगारेट कमी घातक असते.’ कशापेक्षा? सिगारेटपेक्षा, की काहीच न ओढण्यापेक्षा? सिगारेट सोडू पाहणारा चाळिशीतला माणूस आणि कधीच काही न ओढलेली पंधरा वर्षांची मुलगी, दोघंही ‘सहमत’वर खूण करतात, आणि दोघांच्या मनातली तुलना वेगळी असते. आपण मात्र दोघांना चार-चार गुण देऊन सरासरी काढतो. तुलना विधानातच लिहा. त्याहून बरं म्हणजे सिगारेटच्या आणि ई-सिगारेटच्या धोक्याबद्दल वेगवेगळं विचारा आणि फरक स्वतः काढा.

कोणी म्हणेल, प्रश्न कशाला, निकोटिनपासून शरीरात तयार होणारं, लाळेत सापडणारं कोटिनिन मोजा. जरूर मोजा. पण निकोटिन सिगारेटमधून आलं, ई-सिगारेटच्या पॉडमधून आलं की सोडण्यासाठीच्या च्युइंगममधून, हे कोटिनिन सांगत नाही, आणि गेल्या काही दिवसांपलीकडचं तर नाहीच. ते माणसालाच विचारावं लागतं.

त्या मुलाला आम्ही बदललेला प्रश्न पुन्हा दिला, पंधरा झुरक्यांची व्याख्या घालून. तो बोटांवर मोजत राहिला, थांबला, पुन्हा मोजलं आणि ‘30 किंवा जास्त’ या पर्यायावर खूण केली. मग कागद परत न देता तसाच बघत बसला.