तेहतीस मिलिसेकंदांचा हिशेब

[दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली उघडा सेन्सर]

या कॅमेऱ्याचं भिंग काढून ठेवलंय. उरलाय तो सेन्सर, सोनीचा आयएमएक्स२१९. नखाच्या निम्म्याहून कमी जागेत ३२८० गुणिले २४६४, म्हणजे ८० लाखांहून जास्त पिक्सेल. सूक्ष्मदर्शक आणखी जवळ नेला की ही जाळी दिसायला लागते. एका ओळीत लाल, हिरवा, लाल, हिरवा. खालच्या ओळीत हिरवा, निळा, हिरवा, निळा. कोडॅकमध्ये काम करणाऱ्या ब्राइस बेयर यांची ही मांडणी, तिला पेटंट मिळालं १९७६ मध्ये. निम्मे पिक्सेल हिरवे, पाव लाल, पाव निळे. प्रत्येक पिक्सेलला एकच रंग कळतो. उरलेले दोन शेजाऱ्यांवरून काढायचे.

[दृश्य: प्रक्रिया न केलेलं चित्र, संपूर्ण पडदाभर]

सेन्सरमधून बाहेर पडतं ते चित्र असं असतं. हिरवट, फिकं, कोपऱ्यांत काळवंडलेलं. यातला काळा रंगसुद्धा पूर्ण काळा नाही. मिट्ट अंधारातही हा सेन्सर १०२३ पैकी ६४ च्या आसपासचा आकडा देतो. सेन्सर बिघडलेला नाही. त्याने प्रकाश मोजला, एवढंच. त्या मोजमापाचं छायाचित्र करणारा विभाग मुख्य चिपमध्ये असतो. त्याला म्हणतात इमेज सिग्नल प्रोसेसर, आयएसपी. आणि या आयएसपीला कामाला लावणारा, त्याच्या वेळा सांभाळणारा प्रोग्रॅम कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात राहतो. तो त्याचा ड्रायव्हर.

आपल्या टेबलावरच्या बोर्डावर रॉकचिपची आरके३३९९ ही चिप आहे. कर्नल लिनक्सचा. ड्रायव्हरचं नाव आरकेआयएसपी१. ही निवड मुद्दाम केली आहे. या ड्रायव्हरची ओळ न् ओळ कुणालाही वाचता येते, आणि आयएसपीला द्यायच्या प्रत्येक आकड्याचा अर्थ कर्नलच्या हेडर फाइलमध्ये लिहून ठेवलेला आहे. पुढे जे जे दाखवणार आहोत, ते त्यामुळेच दाखवता येतंय.

[दृश्य: लॉजिक ॲनालायझरचा पडदा]

वीज दिली. वरच्या तीन रेषा म्हणजे सेन्सरचे तीन पुरवठे: २.८, १.८ आणि १.२ व्होल्ट. त्याखाली २४ मेगाहर्ट्झचं क्लॉक. मग रिसेटची रेषा वर गेली. थोडं थांबणं. आणि आता सगळ्यात खालच्या दोन तारांवर हालचाल सुरू झाली. ही आय-टू-सी. याच तारांवरून सेन्सरला हुकूम जातात, चित्र मात्र या वाटेने येत नाही. पहिला प्रश्न सेन्सरच्या ओळखीचा. शून्य क्रमांकाचं रजिस्टर, म्हणजे आकडा ठेवायचा चिपमधला छोटा खण, वाचलं जातं आणि उत्तर येतं, ०२१९. आकडा जुळला. न जुळता तर ड्रायव्हरने इथेच काम सोडलं असतं.

हा प्रश्न विचारणारा ड्रायव्हर सेन्सरचा आहे, आयएसपीचा नाही. दोघं वेगवेगळे लिहिलेले असतात, आणि ते तसंच हवं. हाच सेन्सर उद्या दुसऱ्या चिपला जोडला, तर सेन्सरचा ड्रायव्हर तोच राहतो. या दोघांची गाठ कोण घालतं? डिव्हाइस ट्री. बोर्डावर कुठली तार कुठे गेली आहे, हे कर्नलला सांगणारं लेखी वर्णन. आयएसपीचा ड्रायव्हर ते वाचतो, आपल्याला कोणता सेन्सर जोडलाय हे नोंदवतो आणि तो हजर होण्याची वाट बघतो. कोण आधी तयार होईल याचा नेम नसतो. सगळे आले की मगच कॅमेरा उभा राहतो.

[दृश्य: मीडिया कंट्रोलरचा आलेख, हिरव्या आणि पिवळ्या चौकटी]

उभा राहिलेला कॅमेरा कर्नलच्या नजरेतून असा दिसतो. हिरव्या चौकटी म्हणजे उपकरणाचे भाग: सेन्सर, आयएसपी, आकार बदलणारे दोन रिसायझर. पिवळ्या चौकटी म्हणजे ॲप्लिकेशनला उघडता येणारी दारं. चार दारं आहेत. दोन दारांतून चित्रं बाहेर येतात. तिसऱ्यातून मोजमापं बाहेर येतात. चौथ्यातून सूचना आत जातात. बाण बघा, चौथ्या दाराचा बाण उलटा आहे.

हा आलेख सुरुवातीपासून नव्हता. लिनक्समधला व्हिडिओचा इंटरफेस, व्हीफोरएलटू, २००२ मध्ये कर्नलमध्ये आला. तेव्हा समोर होती टीव्ही कार्डं आणि वेबकॅम. एक उपकरण, एक दार, दारातून तयार चित्र. फोनच्या चिपमध्ये आयएसपी आला आणि ही कल्पना अपुरी पडली. नोकियाच्या एन९०० फोनमध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची ओमॅप३ चिप होती. तिच्या आयएसपीत पाच-सहा भाग, ते वेगवेगळ्या प्रकारे जोडता येणारे. एकाच दारामागे एवढं लपवायचं म्हणजे हार्डवेअरची अर्धी ताकद वाया घालवायची. लॉरां पँशार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळी वाट काढली: भाग लपवू नका, जसे आहेत तसे दाखवा आणि जोडणी ॲप्लिकेशनच्या हाती द्या. हा मीडिया कंट्रोलर आणि ओमॅप३ चा आयएसपी ड्रायव्हर, दोन्ही २०११ मध्ये २.६.३९ या आवृत्तीत आले. कर्नलमधल्या कॅमेऱ्याच्या इतिहासातला हा सगळ्यात प्रामाणिक निर्णय आहे, असं आम्हाला वाटतं.

जोडणी हातात आली की जबाबदारीही आली. सेन्सरच्या टोकाला १९२० गुणिले १०८०, १० बिट असं ठरवलं असेल, तर आयएसपीच्या टोकालाही तेच ठरवावं लागतं. एक टोक मुद्दाम चुकवून बघूया.

[दृश्य: टर्मिनलवर त्रुटीचा संदेश]

प्रवाह सुरूच झाला नाही. ड्रायव्हरने आधी प्रत्येक जोड तपासला, जुळला नाही, आणि हार्डवेअरला हात लावण्याआधीच नकार दिला.

[दृश्य: रंगपट्ट्या, मग जिवंत चित्र]

आता टोकं जुळवली. सेन्सर स्वतःच्या चाचणीच्या रंगपट्ट्या पाठवतोय, म्हणजे वाट मोकळी आहे. पट्ट्या बंद करूया. चित्र आलं.

पण हे चित्र आलं कसं? सेन्सर ते पाठवतो मिपी सीएसआय-२ नावाच्या वेगवान वाहिनीवरून, १० बिटांचे चार पिक्सेल पाच बाइटमध्ये घट्ट बसवून. आयएसपी ते वाहत्या प्रवाहातच घडवतो. आधी काळ्याची पातळी वजा करतो. मेलेले पिक्सेल झाकतो. मग कोपऱ्यांतला अंधार भरून काढतो. त्यासाठी १७ गुणिले १७ बिंदूंचा तक्ता लागतो, चार रंगवाहिन्यांसाठी चार तक्ते, म्हणजे ११५६ आकडे. मग पांढऱ्याचा समतोल, मग शेजाऱ्यांवरून हरवलेले रंग काढणं, मग रंगांची दुरुस्ती, मग गॅमा, म्हणजे उजेडाच्या पायऱ्या डोळ्याला पटतील अशा वळवणं. यातलं काहीच ड्रायव्हर करत नाही. पिक्सेलला तो शिवतही नाही. त्याच्या वाट्याला येते ती वेळ.

[दृश्य: वेळरेषा, इंटरप्टच्या खुणांसह]

सेकंदाला ३० फ्रेम. एका फ्रेमला ३३ मिलिसेकंद. सेन्सरची एक ओळ साधारण १९ मायक्रोसेकंदांत निघते. १०८० ओळींना २० मिलिसेकंदांच्या थोडं वर लागतात. उरतात १२-१३ मिलिसेकंद, ज्यात एकही ओळ येत नाही. वेळरेषेवरची ही रिकामी जागा. ड्रायव्हरची सगळी घाई इथे आहे.

फ्रेमची शेवटची ओळ गेली की आयएसपी इंटरप्ट देतो. प्रोसेसर हातातलं काम सोडून ड्रायव्हरकडे येतो. ड्रायव्हर या फ्रेमची मोजमापं उचलतो. पुढच्या फ्रेमसाठी आलेल्या सूचना रजिस्टरांमध्ये लिहितो, चित्र ज्या क्रमाने आयएसपीतून वाहतं त्याच क्रमाने. फ्रेम अर्धी झालेली असताना गॅमा बदलला तर वरचं अर्धं चित्र एका उजेडाचं आणि खालचं दुसऱ्या. म्हणून बऱ्याच रजिस्टरांना सावलीची प्रत असते. ड्रायव्हर सावलीत लिहितो, आणि फ्रेमच्या सीमेवर हार्डवेअर ती प्रत खरी करतं.

चित्र मेमरीत उतरवायचं कामही असंच. बफर म्हणजे एक फ्रेम मावेल एवढी मेमरीतली जागा, आणि बफरांची फिरती रहाटगाडग्यासारखी चालते: रिकामं गाडगं खाली, भरलेलं वर. ॲप्लिकेशन रिकामा बफर रांगेत लावतं. ड्रायव्हर त्याचा पत्ता रजिस्टरमध्ये लिहितो. आयएसपी थेट मेमरीत लिहीत जातो. फ्रेम पुरी झाली की ड्रायव्हर बफरवर वेळ आणि क्रमांक नोंदवून तो परत देतो. आपल्या आकाराची एक फ्रेम ३१ लाख १० हजार ४०० बाइटांची आहे, सेकंदाला ३०, आणि प्रोसेसरने त्यातला एकही बाइट इकडचा तिकडे केलेला नाही. पडद्यावर दिसतंय ते चित्रही त्याच बफरमधून थेट दाखवलं जातंय, प्रत न काढता. आयएसपी भलत्याच ठिकाणी लिहू नये म्हणून वाटेत आयओएमएमयूचा पहारा असतो. परवानगी दिलेल्या पानांपलीकडे त्याला जाता येत नाही.

आता रांग रिकामी पडली तर? ॲप्लिकेशन अडकलं, त्याने वेळेत बफर दिलाच नाही तर?

[दृश्य: ॲप्लिकेशन थांबवलेलं, वेळरेषेवर इंटरप्ट चालूच]

सेन्सर थांबत नाही. प्रकाश येत राहतो, ओळी निघत राहतात, आणि आयएसपीला त्या कुठेतरी ठेवाव्याच लागतात. जुन्याच पत्त्यावर लिहिलं, तर ॲप्लिकेशनच्या हाती दिलेल्या चित्रावर नवं चित्र चढेल. आरकेआयएसपी१ मध्ये यासाठी एक जादा बफर सुरुवातीलाच राखून ठेवलेला असतो. तो कुणालाही दिला जात नाही. रांग रिकामी दिसली की ड्रायव्हर याचा पत्ता पुढे करतो. ती फ्रेम हरवते, पण दुसऱ्या कुणाचं काही बिघडत नाही. नवा बफर आला की गाडी रुळावर. बघा, ॲप्लिकेशन पुन्हा सुरू केलं आणि चित्र आलं. फ्रेमचे क्रमांक मात्र मध्ये तुटलेत, आणि किती फ्रेम गेल्या ते त्यावरून लगेच कळतं.

[दृश्य: दिव्याखाली कॅमेरा, चित्रात आडवे पट्टे]

हे आडवे पट्टे दिव्याचे आहेत. ५० हर्ट्झच्या विजेवर काही दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात, आणि सेन्सरच्या ओळी एकामागून एक उघडतात. ओळींना मिळणारा प्रकाश सारखा राहत नाही. उपाय: प्रत्येक ओळ नेमकी १० मिलिसेकंद, किंवा त्याच्या पटीत उघडी ठेवायची. या सेन्सरला वेळ ओळींत सांगावी लागते, तेव्हा १० मिलिसेकंद म्हणजे सुमारे ५२९ ओळी. आकडा लिहिला. पट्टे गेले.

[दृश्य: भिंगावर हात, मग हात बाजूला]

हा आकडा आत्ता आपण हाताने लिहिला. रोजच्या वापरात तो सतत कुणीतरी ठरवायला हवा. ड्रायव्हर ठरवत नाही. तो दर फ्रेमला मोजमापं देतो: चित्राच्या २५ चौकटींचा सरासरी उजेड, १६ खणांचा हिस्टोग्राम (किती पिक्सेल किती उजळ याची मोजणी), रंगांच्या सरासऱ्या. ती वाचून निर्णय घेणारा प्रोग्रॅम कर्नलच्या बाहेर असतो. इथे तो आहे लिबकॅमेरा, २०१८ मध्ये जाहीर झालेला मुक्त प्रकल्प. हात आला, उजेड घटला, लिबकॅमेराने सेन्सरला जास्त वेळ उघडं राहायला सांगितलं. परिणाम त्याच फ्रेममध्ये दिसत नाही. सेन्सरला नवा आकडा लागू करायला फ्रेम-दोन फ्रेम जातात. कोणता आकडा कोणत्या फ्रेमला लागला याचा हिशेब चुकला, तर उजेड वरखाली हेलकावत राहतो. म्हणून प्रत्येक फ्रेमच्या सुरुवातीला ड्रायव्हर तिचा क्रमांक कळवतो.

निर्णय बाहेर, वेळ आत. ही वाटणी चालते ती दोघांमधली भाषा उघड असेल तरच. मोजमापांचा आणि सूचनांचा अर्थ छापलेला नसेल, तर कर्नलमध्ये ड्रायव्हर असूनही कॅमेरा कंपनीच्या बंद प्रोग्रॅमवरच चालतो. कंपनीने तो प्रोग्रॅम सांभाळणं सोडलं की चांगली उपकरणं जुन्या कर्नलवर अडकतात.

[दृश्य: पॅचची यादी, हिरव्या-लाल ओळी]

आरकेआयएसपी१ चं तसं झालं नाही. २०२० मध्ये तो कर्नलच्या स्टेजिंग विभागात आला, म्हणजे अजून घडण बाकी असलेल्यांच्या रांगेत. हेलेन कोइके आणि इतरांनी तो साफसूफ केला. २०२१ मध्ये ५.११ आवृत्तीत तो मुख्य विभागात गेला. पडद्यावर सरकतायत त्या त्यानंतरच्या सुधारणा. सुरुवातीला सूचनांचा साचा ठरीव होता: एक मोठी रचना, तिच्यात प्रत्येक भागाची जागा कायमची. नव्या भागाला जागाच नव्हती, आणि रचना बदलली तर जुने प्रोग्रॅम मोडणार. २०२४ मध्ये ६.१२ आवृत्तीत नवा साचा आला. त्यात प्रत्येक भागाचा वेगळा तुकडा असतो, हवे तेवढेच तुकडे पाठवायचे. जुना साचाही चालू ठेवला आहे.

त्याच वर्षी या ड्रायव्हरमध्ये आणखी एका चिपची भर पडली: एनएक्सपीची आयएमएक्स८एम प्लस. कंपनी दुसरी, पण आतला आयएसपी याच घराण्यातला. रजिस्टरांतले फरक नोंदवले गेले, चिपच्या माहितीचा एक तक्ता वाढला. बाकी सगळं, बफरांची फिरती, जादा बफर, फ्रेमच्या शेवटचा इंटरप्ट, जसं आत्ता पाहिलं तसंच त्या चिपवरही चालतं.