आड, पोहरा आणि 'किनारा'

नमस्कार. निमंत्रण देताना संयोजकांनी हळूच सुचवलं होतं, की शेवटी दोन-तीन चांगल्या सॉफ्टवेअरची नावं सांगा, लोक तेवढ्यासाठीच येतात. तशी नावं मी सांगणार नाही. हे आधीच कळलेलं बरं, म्हणजे ज्यांना निघायचं असेल त्यांना पहिल्या पाच मिनिटांत निघता येईल. (हशा) माध्यमांत आपल्याबद्दल काय छापून येतंय, सोशल मीडियावर लोक काय बोलतायत हे टिपणारी आणि तिथे आपल्या पोस्ट टाकणारी साधनं आज भरपूर आहेत. त्यांतलं आपल्या कामाचं कोणतं, हे मी एकदा चुकून शिकलो. ती चूकच सांगतो.

मी एका संस्थेचं जनसंपर्काचं काम पाहत होतो. नाव नको, सोयीसाठी तिला 'किनारा' म्हणू. विक्रेत्याचा माणूस डेमो द्यायला आला. त्याने एका जगप्रसिद्ध कंपनीचं नाव खिडकीत टाकलं आणि पडद्यावर आलेखांची रांगोळी उमटली. कोणत्या देशात किती चर्चा, कोणत्या तासाला किती, लोक खूश किती आणि नाराज किती. आम्ही भारावलो आणि वर्षभराच्या करारावर सही केली. पहिल्या आठवड्याचा अहवाल आला: एकूण उल्लेख 4. त्याच आठवड्यात मी स्वतः चहा पिता पिता वीसेक उल्लेख वाचले होते.

यंत्र बिघडलेलं नव्हतं. त्याला 'किनारा' शोध म्हटलं होतं, आणि ते अक्षरशः 'किनारा' शोधत होतं. पण मराठी माणूस हा शब्द सुटा किती वेळा लिहितो? कुणी 'किनाराच्या कार्यक्रमात' लिहितो, कुणी 'किनाऱ्याच्या कार्यक्रमात', कुणी अवतरणचिन्हं घालून 'किनारा'ने. शब्दाला शब्द तंतोतंत जुळला तरच दाखवायचं, असा नियम असेल तर यातलं बहुतेक निसटतं. विभक्ती आणि सामान्यरूप शाळेत आपल्याला छळायची, ती इथे यंत्राला छळतात.

मग आम्ही दुसरं टोक गाठलं. 'किनार'ने सुरू होणारं काहीही दाखव, असं सांगितलं. दुसऱ्या आठवड्यात उल्लेख हजारांच्या घरात. किनारपट्टीवरच्या वादळाची प्रत्येक बातमी आमच्या खात्यात जमा, आणि नाटकांच्या परीक्षणांतली 'कारुण्याची किनार'सुद्धा. इंग्रजीत निदान मोठ्या अक्षरावरून विशेषनाम ओळखण्याची थोडी सोय असते. देवनागरीत मोठी-छोटी अक्षरं नाहीत, त्यामुळे संस्था किनारा आणि समुद्राचा किनारा यंत्राला एकच.

अजून एक गंमत आहे, आणि ती मला विकणाऱ्यालाही ठाऊक नव्हती. 'किनाऱ्या'मधला तो ऱ्या, म्हणजे चंद्रकोरीसारखा अर्धा र, युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक अक्षरं ज्या संकेतांत साठवतो त्यात, दोन प्रकारे लिहिता येतो. एकात खाली टिंब असलेला वेगळा 'ऱ' वापरतात. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारा जोडक. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला ते दोन निराळे शब्द. शिवाय घाईत रफार देऊन 'किनार्या' असं टंकणारे आहेतच. चांगलं सॉफ्टवेअर आतल्या आत ही रूपं एकसारखी करून घेतं. तुमच्या समोरचं घेतं का, हे विचारून कळत नाही, करून बघूनच कळतं. रोमन लिपीत मराठी लिहिणाऱ्यांची तर गोष्टच वेगळी. तिथे एकाच नावाची चार स्पेलिंगं सहज सापडतात.

पूर्वी हे काम माणसं करत. पॅरिसला 1879 मध्ये 'आर्ग्युस द ला प्रेस' सुरू झालं, न्यूयॉर्कला 1888 मध्ये बरेल्स. वर्तमानपत्रं वाचायची, गिऱ्हाइकाचं नाव दिसलं की कात्रीने कापायचं, चिकटवून पाठवायचं. वाचणाऱ्या माणसाला समुद्र कोणता आणि संस्था कोणती हे कुणी समजावून द्यावं लागत नसे. कात्री गेली, पण ती समज आता आपल्याला प्रश्नाच्या रूपात लिहून द्यावी लागते. त्याला बूलियन शोध म्हणतात: हे आणि ते, हे किंवा ते, हे असेल पण ते नको. काही साधनांत 'या शब्दाच्या जवळपास तो शब्द' असंही सांगता येतं. आमचा प्रश्न शेवटी पंधरा ओळींचा झाला. म्हणून निवड करताना पहिलं विचारा, की एका शोधात किती अक्षरं बसतात, आणि शोध आपला आपल्याला बदलता येतो की दर वेळी मदतकेंद्राला पत्र लिहायचं.

आता आडाकडे वळू. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, ही म्हण या धंद्याला चपखल बसते. सॉफ्टवेअर म्हणजे पोहरा. पाणी असतं फेसबुक, इन्स्टाग्राम, एक्स, यूट्यूब यांच्याकडे, आणि ते एपीआय नावाच्या रहाटाने, म्हणजे बाहेरच्या सॉफ्टवेअरला डेटा देण्याच्या अधिकृत वाटेने, जेवढं देतील तेवढंच वर येतं. विहिरीचा मालक रहाट कधी काढून नेईल याचा नेम नाही. ट्विटरने, म्हणजे आजच्या एक्सने, 2015 मध्ये डेटा पुरवणाऱ्या डेटासिफ्टचा पुरवठा बंद केला. केंब्रिज अ‍ॅनालिटिका प्रकरणानंतर, म्हणजे फेसबुक वापरणाऱ्यांची माहिती त्यांना न विचारता वापरली गेल्याचं उघड झाल्यावर, 2018 च्या एप्रिलमध्ये फेसबुक आणि इन्स्टाग्रामने बाहेरच्या साधनांचे हात आखडले. 2023 मध्ये ट्विटरने आपल्या एपीआयचा फुकटचा रस्ता जवळपास बुजवला, त्याच वर्षी चर्चामंच रेडिटने पैसे मागायला सुरुवात केली. कोणती पोस्ट किती पसरतेय हे दाखवणारं, पत्रकार आणि अभ्यासकांचं लाडकं क्राउडटँगल तर फेसबुकच्या मालक कंपनीच्या, मेटाच्याच मालकीचं होतं, तरी 14 ऑगस्ट 2024 ला बंद झालं.

त्यामुळे 'आम्ही सगळं सोशल मीडिया पाहतो' असं कुणी म्हणालं की समजावं, हा माणूस एक तर नवीन आहे किंवा फार जुना. इन्स्टाग्रामच्या अधिकृत रस्त्याने एका खात्याला सात दिवसांत 30 वेगवेगळे हॅशटॅग शोधता येतात, एवढीच मुभा आहे. लोकांची खासगी खाती कुठल्याच साधनाला दिसत नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवरचे संदेश 2016 पासून दोन टोकांमध्ये कुलूपबंद असतात, तेव्हा 'व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये तुमच्याबद्दल काय चाललंय ते दाखवू' असं म्हणणाऱ्याला नमस्कार करून दार दाखवा. प्रत्येक माध्यमासाठी एकच प्रश्न विचारायचा: हे तुम्हाला कुठल्या रस्त्याने मिळतं, आणि तो रस्ता उद्या बंद झाला तर करारातले पैसे कमी होणार का? दुसऱ्या अर्ध्यावर बहुतेक जण खोकतात.

छापील वर्तमानपत्रांचं आणखी निराळं. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये लावलेल्या पानाच्या पीडीएफमधून मजकूर उचलला की हातात इंग्रजी अक्षरांचा कचरा येतो. तिथे पानाच्या चित्रावरून अक्षरं ओळखावी लागतात, आणि जोडाक्षरांत ती ओळख अडखळते. कात्रणं वाटण्याचा हक्क हाही प्रश्न आहेच. अमेरिकेत असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने मेल्टवॉटर या माध्यमांवर नजर ठेवणाऱ्या कंपनीवर खटला भरला, 2013 मध्ये न्यायालयाने निकाल वृत्तसंस्थेच्या बाजूने दिला, आणि पुढे दोघांनी आपसांत मिटवलं. बातमीचा मजकूर ग्राहकांना पुरवण्याचा परवाना विक्रेत्याकडे आहे का, हे म्हणून लेखी मागायचं.

मोजणीबद्दल एक इशारा. बहुतेक करारांत महिन्याला अमुक इतके उल्लेख अशी मर्यादा असते. शांत महिन्यात ती निम्मीही भरत नाही. मग एखाद्या दिवशी तुमच्यावर टीकेची झोड उठते, दोन दिवसांत महिन्याचा कोटा संपतो आणि ज्या घटकेला डोळे हवेत त्याच घटकेला पडदा पडतो. मर्यादा ओलांडल्यावर काय होतं, साधन थांबतं की जास्तीचं बिल येतं, हे कराराच्या बारीक अक्षरांत असतं. तसंच जुन्या डेटाचं. काही साधनं तुम्ही शोध लावलात त्या दिवसापासूनच गोळा करू लागतात. मागचं हवं असेल तर वेगळी वसुली.

भावना मोजण्यावर, म्हणजे हा उल्लेख अनुकूल की प्रतिकूल हे यंत्राने ठरवण्यावर, मी फारसा विश्वास ठेवत नाही. 'वा, काय तत्पर सेवा! तीन दिवस फोन लावतोय, उचलायला कुणी नाही.' आमच्या साधनाने याला हिरवा, म्हणजे अनुकूल रंग दिला होता. उपरोध हा मराठीचा स्थायीभाव आहे, तो काढून टाकला तर आपल्या टीकाकारांकडे उरतं काय? म्हणून एकच पाहा: यंत्राने दिलेला रंग माणसाला बदलता येतो का, आणि बदलल्यावर अहवालात तो बदल दिसतो का.

अहवालात कधी कधी आणखी एक आकडा असतो, तेवढ्या जागेत जाहिरात दिली असती तर किती खर्च आला असता, याचा. 2010 च्या बार्सिलोना तत्त्वांमध्ये या व्यवसायातल्या लोकांनीच म्हटलंय, की हे जनसंपर्काचं मूल्य नव्हे. तरी तो आकडा वरिष्ठांना फार आवडतो, म्हणून विकला जातो.

मग पारख करायची कशी? माझी पद्धत कंटाळवाणी आहे, पण फसलेली नाही. विक्रेत्याने निवडलेल्या नावावर डेमो घ्यायचा नाही. आपल्या संस्थेचा एक वाईट आठवडा निवडायचा, ज्यात काहीतरी बिनसलं होतं आणि लोक बोलत होते. दोन माणसं बसवून त्या आठवड्याचे उल्लेख हाताने शोधायचे, दुव्यासकट यादी करायची. समजा 80 निघाले. मग चाचणीच्या काळात तोच आठवडा साधनाकडून काढून घ्यायचा. समजा त्याने 200 दाखवले, त्यातले खरंच तुमचे 60, आणि त्या साठांतले 50 तुमच्या यादीतले. म्हणजे तुम्हाला माहीत होतं त्यातलं तीस त्याला सापडलं नाही, दाखवलं त्यातलं 140 फोल, पण दहा उल्लेख असे की जे तुमच्याही नजरेतून सुटले होते. हे तीन आकडे हाताशी असले की दोन साधनांची तुलना एका संध्याकाळी होते. न सापडलेले तीस उघडून बघा. ते सगळे एकाच माध्यमातले असतील तर दोष आडाचा. सगळीकडे विखुरलेले असतील तर बहुधा दोष तुमच्या प्रश्नाचा. तो सुधारता येतो.

ही तुलना करण्याआधी मात्र एक कागद लिहावा लागतो: उल्लेख कळल्यावर आम्ही काय करणार? तक्रारींना तासाभरात उत्तर द्यायचं असेल तर वेग आणि सूचना महत्त्वाच्या. महिन्याच्या बैठकीत आढावा मांडायचा असेल तर वेग गौण, जुना डेटा हवा. काहीच करायचं नसेल तर सॉफ्टवेअर कशाला घेता?

पोस्ट टाकण्याच्या बाजूबद्दल थोडक्यात, कारण तिथली साधनं एकमेकांसारखी होत चालली आहेत. ऐकणं आणि बोलणं एकाच गाठोड्यात विकायचा कल आहे. पोस्ट लावणाऱ्या हूटसूटने 2024 मध्ये ऐकणारं टॉकवॉकर विकत घेतलं ते त्याच दिशेने. मला विचाराल तर दोन्हींत सारखं चांगलं असलेलं साधन मी अजून पाहिलेलं नाही. बोलण्याच्या साधनात मी आधी 'सगळं थांबवा' हे बटण शोधतो. एकदा मोठ्या दुर्घटनेच्या सकाळी आमची आधीच लावून ठेवलेली हसरी पोस्ट वेळेवर, अगदी ठरल्या मिनिटाला गेली. त्या दिवशी ते बटण चार पडदे आत दडलेलं होतं. त्यानंतर पाहायचं ते परवानगीचं. साधन खात्याशी टोकनने, म्हणजे पासवर्डऐवजी दिलेल्या डिजिटल परवान्याने, जोडलेलं असतं. फेसबुकवर वापरकर्त्याचं दीर्घ मुदतीचं टोकनसुद्धा साधारण 60 दिवस टिकतं आणि कुणी पासवर्ड बदलला तर त्याआधीच बाद होतं. जोडणी तुटल्यावर साधन ओरडतं की गप्प बसतं, ते चाचणीत मुद्दाम तोडून बघा.

आकड्यांनी हुरळू नका, एवढंही सांगतो. यूट्यूबने 31 मार्च 2025 पासून शॉर्ट्सचा 'व्ह्यू' व्हिडिओ सुरू झाल्याबरोबर मोजायला घेतला. त्या वसंतात ज्यांचे आलेख वर गेले त्यांच्यापैकी कितीतरी जणांनी स्वतःची पाठ थोपटून घेतली असेल.

आणि बाहेर पडायची वाट. सेल्सफोर्स या बड्या सॉफ्टवेअर कंपनीने 2011 मध्ये सोशल मीडिया ऐकणारं रेडियन6 घेतलं, पुढे त्यातून सोशल स्टुडिओ उभं राहिलं, आणि 18 नोव्हेंबर 2024 ला तेही बंद झालं. एवढ्या मोठ्या घरचं साधन बंद होऊ शकतं, तर इतरांचं काय? आपली वर्षांची टिपणं, खुणा, रंग साध्या तक्त्यात उतरवून घेता येतात का, हे सही करण्याआधी एकदा उतरवूनच बघावं.

श्रोत्यांतून एका ताईंनी विचारलंय, फुकटात किती जमेल? सुरुवातीला बरंच. गूगल अलर्ट 2003 पासून आहे, बातम्या आणि संकेतस्थळांपुरतं कामाला येतं. सोशल मीडियासाठी त्याच्यावर विसंबू नका. ज्या वृत्तस्थळांचं आरएसएस, म्हणजे नव्या बातम्यांची आपोआप येणारी यादी आहे, ते एका फीड-वाचक ॲपमध्ये ओढून घ्या. फेसबुक-इन्स्टाग्रामच्या पोस्ट मेटाच्याच बिझनेस सूटमधून लावता येतात. यावर तीन महिने काढलेत तर काय कमी पडतंय ते स्वच्छ कळेल, आणि विक्रेता आला की प्रश्न तुमचे असतील.

दुसरा प्रश्न एआयच्या सारांशाचा. आता प्रत्येक साधनात तो आहे, आणि वाचायला छान असतो. पण तो पोहऱ्यात जे आलं त्याचाच सारांश. म्हणून मी दर सारांशातली पाच वाक्यं निवडतो आणि त्यांच्या मागचे मूळ दुवे उघडतो. परवा एका नव्या साधनाच्या चाचणीत सारांश आला, की 'किनारा'विषयी सर्वत्र तीव्र चिंता व्यक्त होत आहे. आमचे अध्यक्ष घाबरले. दुवे उघडले तर पाचही बातम्या वादळाच्या.